पांढरं

तुर्भ्याच्या खाणीखालच्या बायका एवढंच सांगतात:
अंगावरून पांढरं जातं, ताई.
सांगताना नजर डंपरच्या चाकाकडं.
मी रकाना शोधते, होय लिहिते,
आणि पेनावर खडीची भुकटी बसलेली,
तीही पांढरीच.

समाजमंदिरामागच्या खोलीत आमचं टेबल.
बॅटरी, कापूस, उकळून घेतलेली हत्यारं,
पडदा म्हणून मागच्या निवडणुकीचा फलक उलटा टांगलेला,
उन्हात त्याचे जोडलेले हात आरपार दिसतात.
बाटली हुंगून रुक्साना हसली:
हे तर चायनीजच्या गाडीवरचं!
तेच गं, म्हटलं, फक्त मापून पाणी घातलेलं.
पिशवीच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं.
जिथं बिघडायला लागलं असेल
तिथं पांढरं उमटतं.

त्या गर्भाशय म्हणत नाहीत.
पिशवी म्हणतात, बाजाराची असते तशी,
बंद तुटेपर्यंत वापरायची.

एक मिनिट. शेवाळे सिस्टर घड्याळ बघतात.
वर सुरुंगाचा भोंगा होतो.
झोपलेली बाई पत्र्यातली भोकं मोजते.
मी विचारते, आज काय केलंय जेवायला?
आणि ती सांगते, अगदी मनापासून,
मिरच्या किती, कूट किती,
पोरगा ताटातलं काय बाजूला काढतो.

त्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या होत्या.
मोठ्या मॅडमनी नकाशावर नाला दाखवला:
अलीकडच्या सात गल्ल्यांना तपासणी,
पलीकडच्या सातांना माहितीपत्रक, गुळगुळीत कागदाचं,
आणि वर्षातून एकदा विचारपूस.
आहात ना?
याला तुलना म्हणतात.
तिच्यावाचून कुणाला पटत नाही
की एवढ्याशा आंबट पाण्यानं माणूस वाचतं.
मला नीट समजावलं होतं.
मला समजलंही होतं.

प्रयागबाई नाला ओलांडून आली.
घमेलं दाराशी पालथं घातलं, रांगेत बसली, दीड तास.
पत्ता विचारला तर खरा सांगितला.
खोटा सांगितला असता तर मी लिहिला असता,
असं मी पुढं कितीतरी वेळा
स्वतःला सांगून पाहिलं.
तिला वाशीच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.
वाशी म्हणजे एक हजेरी बुडाली,
जाता-येता रिक्षा,
आणि तिथं ओळखीचं कुणी नाही.
चिठ्ठीची घडी करून
तिनं कमरेच्या पिशवीत ठेवली.

चौथ्या वर्षीच्या विचारपुशीला
आहात ना, या प्रश्नापुढं मी फुली मारली.
अहवालात ती खालच्या ओळीत आहे,
बाकीच्या फुल्यांत मिसळून, नावाशिवाय.
त्या ओळीच्या जोरावर आता
दोन्हीकडच्या गल्ल्यांना तपासणी मिळते.
हे खरं आहे.
हेही खरं आहे.

आता तर बाटलीही नाही.
लांब दांडीचा मऊ ब्रश, झाकणाची नळी,
नमुना बाईनं आपला आपणच घ्यायचा.
काल नाल्यापलीकडं गेले.
दार दैवशालानं उघडलं, प्रयागबाईच्या सुनेनं,
कोपरापर्यंत पीठ.
सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं:
आमच्या आत्याबाईंना का नाही दिलंत?
तेव्हा हे नव्हतं, म्हटलं.
ती माझ्याकडं बघत राहिली,
जेवढा वेळ मला अवघडायला लागतो तेवढा वेळ.

मग हात धुतले, नळी घेतली,
मोरीचं पत्र्याचं दार ओढून घेतलं.
मी उंबऱ्याबाहेर.
घड्याळ बघायचं काही कारण नव्हतं,
तरी मोजत राहिले.
चाळिसाच्या पुढं कुठंतरी भोंगा झाला,
आणि आतून आवाज आला:
ताई, हे फिरवायचं कुठल्या बाजूनं?

कुठल्याही, म्हटलं.
पाच वेळा. सावकाश.